मयत पुंजारामास मोरस बेटी जाऊ देण्याबाबत

प्रति,
मेहेरबान डिप्टी कमिशनर साहेब बहादूर,
जिल्हा अकोला, प्रांत वऱ्हाड.

अर्जदार : पुंजाराम वल्द भिकाजी गावंडे, जात कुणबी, वय अदमासे बावन्न, धंदा शेती (होता), राहणार मौजे बोरखडी, तेल्हाऱ्याजवळ (होता). हल्ली मुक्काम कचेरीसमोरील लिंबाखाली.

विषय : अर्जदारास समुद्रापलीकडील, साहेब लोक ज्यास मॉरिशस म्हणतात त्या मोरस बेटात कायमचे राहावयास जाण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : याच बाबीचा अर्जदाराचा मागील अर्ज, जो "अर्जदार मयत आहे, सबब विचार करता येत नाही" असा शेरा मारून खालूनच परत आला.

गरीबपरवर महोदय,

१. अर्जदार जिवंत आहे. असे कलम अर्जात पहिले घालण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये, पण मागच्या खेपेस ते राहून गेले आणि तेवढ्यानेच घोटाळा झाला. अर्ज लिहिणारा चिंतामण अर्जनवीस याने या वेळी अर्जदाराच्या दंडास चिमटा काढून खात्री करून घेतली. अर्जदार ओरडला.

२. शके १७८३ च्या दिवाळीनंतर अर्जदार कापसाची गाडी घेऊन खानदेशाकडे निघाला. अमेरिकेत लढाई जुंपल्याने विलायतेस त्या साली आमच्या कापसाची एकाएकी भूक लागली होती आणि ज्याच्या दारी दोन बैल तो गाडीवान झाला होता. वाटेत पटकीची साथ लागली. तिसऱ्या दिवशी अर्जदार गाडीवरून खाली आला तो पुन्हा चढला नाही. सोबतच्या सूर्यभान गाडीवानाने त्यास बाभळीखाली निजवले, उशाशी पाण्याचा गडू ठेवला, आणि बाकीच्या गाड्या थांबत नाहीत म्हणून त्याचे बैल व पागोटे घेऊन पुढे गेला. सूर्यभानास बोल लावता येत नाही. त्याने बैल घरी पोचवले, पागोटे पोचवले, आणि सांगितले तेही खरेच सांगितले : "म्या त्याले मरतानी पायलं नाही, पन जगतानी बी पायलं नाही."

३. अर्जदार मेला नाही. एका धनगराच्या बायकोने त्याला ज्वारीची पेज पाजून उठवले. डावा पाय मात्र वाळून बाहेरच्या बाजूस वळला. पाय टाकता येऊ लागायला दीड वर्ष गेले. पुढे आगगाडीच्या भरावावर माती वाहून त्याने पोट भरले. वऱ्हाडात परतणाऱ्या गाडीवानांबरोबर त्याने दोनदा निरोप धाडला की मी आहे, न्यायला गाडी धाडा. निरोप पोचले. अर्जदाराचा मुलगा नत्थु यास याविषयी विचारले असता त्याने नाकबूल केले नाही. तो म्हणाला, "निरोप आलता, पन तेरवी झाल्यावर आला."

४. तेरवीची हकीकत अशी. मनुष्य बेपत्ता झाल्यास बारा वर्षे वाट पाहावी, मग त्याचा पुतळा करून जाळावा, असा शास्त्रार्थ आहे. परंतु तिसऱ्याच वर्षी गावात सरकारची मोजणी आली. शेत कोणाच्या तरी नावे लावणे भाग होते, आणि त्या काळ्या मातीत तेव्हा कापूस नव्हे, सोने पिकत होते. गावचे भगवंत जोशी यांनी अशा तेजीत एक वर्ष चार वर्षांबरोबर धरता येते असे सांगितले. तीन चोक बारा झाले. पुतळ्यास तीनशे साठ पळसाची पाने लागतात. बोरखडीत पळस उरला नव्हता. बांध, पडीत, गायरानाची कड, सारे फोडून लोकांनी कापूस पेरला होता. सबब कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि नत्थुने रीतसर रडून अग्नी दिला. अर्जदार चांगला जळाला असे म्हणतात. तेरवीस पाच गावे जेवली. गुळाचा बेत नव्हता. मोरस बेटाची पांढरीशुभ्र साखर मुंबईहून आणवली होती, आणि ती कशी होती हे आजही लोक अर्जदारास सांगतात.

५. गेल्या चैत्रात अर्जदार पायी घरी आला. तिकडे अमेरिकेतली लढाई संपली होती, इकडे कापसाचा भाव बसला होता, आणि गावाचे तोंड आधीच उतरलेले होते. विहिरीवरच्या बायांनी घागरी टाकून धूम ठोकली. उत्तमराव पाटील, ज्यांच्याबरोबर अर्जदार लहानपणी बोरे पाडत असे, ते दाराच्या फटीतून म्हणाले, "पुंजा, काई इच्छा राह्यली असन तं सांग, पन आत येऊ नको." मग कोणी तरी दहीभाताचे पान वेशीबाहेर ठेवले आणि खाऊन निघून जाण्यास विनविले. भुताचे पाय उलटे असतात हे सर्वांस ठाऊक आहे. अर्जदाराचा एकच पाय वाकडा असल्याने गावात दोन तट पडले, आणि नक्की करण्यासाठी त्याच्या पायांवर दगड मारून पाहण्यात आले.

६. अर्जदाराने जोश्यांस विचारले की पळसाऐवजी पऱ्हाटी वापरली, तर माझे मरण कच्चे नाही काय? जोशी म्हणाले, कच्चेच आहे. विधी कच्चा राहिला की मेलेला भटकत घरी येतो, आणि तू आलास हाच त्याचा पुरावा. उपाय मात्र त्यांनी सांगितला. शास्त्राप्रमाणे अर्जदारास तुपात बुडवून पुन्हा जन्मास घालावे, बारसे करावे, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावे. यास घरच्यांची संमती लागते. नत्थुने ती दिली नाही. बापास त्याने ओसरीवरही घेतले नाही, अंगणात उभ्यानेच सांगितले, "आबा, तुमच्या तेरवीले पाच गावं जेवले. आता तुमी आले, असं कोन्या तोंडानं सांगू? अन् तुमी तं कवाचे परत आले. पाळन्यात हाय." पुतळा जाळल्यावर वर्षाच्या आत नत्थुला मुलगा झाला. आजाच परत आला म्हणून त्याचे नाव पुंजाराम ठेवले आहे. जागा भरलेली आहे.

नत्थु कृतघ्न नाही, हे नमूद करावे असा अर्जदाराचा आग्रह आहे. तो बापाचे पित्र दर साल घालतो. "पित्राले या, पोटभर जेवा," असे त्याने सांगितले होते आणि भाद्रपदात अर्जदार गेलाही. कावळा शिवल्यावर त्यास पान मिळाले.

७. आता मुख्य बाब. अर्जदाराची सारी भिस्त त्याची बायको जमुना हिच्यावर होती. आमच्याकडील बाई नवऱ्याचे नाव घेत नाही, हे साहेबांस ठाऊक असेलच. जमुनेने छत्तीस वर्षांत ते कधी घेतले नाही. नातवाचे नाव तेच पडले म्हणून ती त्या पोराला "मालक" म्हणून हाक मारते. अर्जदाराचा विचार सरळ होता. चावडीत सरकारी माणसाने तिला एवढेच विचारावे, की या समोरच्या इसमाचे नाव काय. ती लाजेल, पदर ओढील, गप्प राहील, आणि त्या गप्प राहण्यातच साऱ्या गावाला उत्तर मिळेल. याहून चांगला साक्षीदार कोणाला मिळणार? अर्जदाराने त्यासाठी तहसिलीत खेटे घातले आणि मार्गशीर्षात एक कारकून चौकशीस आला.

त्या दिवशी अर्जदाराने नदीवर आंघोळ केली, दाढी करविली, आणि वाळलेला पाय धोतराखाली झाकून चावडीत बसला. पाटलांनी सावधगिरी म्हणून त्याच्यापुढे दहीभाताची वाटी ठेवली होती. जमुना आली. तिच्या मागे नत्थु पोराला कडेवर घेऊन उभा राहिला. कारकुनाने विचारले. जमुना गप्प राहिली. ती इतका वेळ गप्प राहिली की अर्जदार मनाने घरी पोचला, त्याने ओसरीवर खाट टाकली आणि तिच्याकडे पाणी मागितले. अर्जदार सांगतो की उभ्या जन्मात त्याला इतका आनंद झाला नव्हता. मग नत्थुच्या कडेवरचे पोर किरकिरले. जमुनेने मागे वळून पोराकडे पाहिले, तोंडावरचा पदर बाजूला केला, आणि चावडीभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलली :

"पुंजाराम भिकाजी गावंडे मेले. हा कोन होय, मले मालूम नाही."

चौकशी तेथेच संपली. जिचा नवरा समोर बसला आहे ती बाई त्याचे नाव असे घेणार नाही, हे गावाला कारकुनाने समजावण्याची गरज पडली नाही. लोक उठू लागले. जमुना उंबरठ्यापर्यंत गेली, थांबली, आणि पाटलांना हळूच म्हणाली, "त्याच्या म्होरचा दहीभात उचला. दही त्याले सोसत नाही, रातभर खोकलते."

हे वाक्य जबाबात घेतलेले नाही, कारण ते कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

अर्जदार बायकोस दोष देत नाही. नवरा जिवंत ठरला तर मुलगा जिवंत बापाला जाळणारा ठरतो, जेवलेली पाच गावे बाटतात, आणि कडेवरच्या पोराला घरात नाव उरत नाही. तिने जिवंत माणसे मोजली आणि एक कमी केला, असे तो म्हणतो. अर्जनवीस तिला दोष देतो. पण अर्ज त्याचा नाही.

८. मोरस बेटच का, असे साहेब विचारतील. तेथे थंडी पडत नाही असे तिकडच्या मळ्यांसाठी मजूर भरती करणारा मुकादम सांगतो, आणि वाळलेल्या पायाला वऱ्हाडातला पौष सोसत नाही. तेथे सगळा ऊस आहे. कापसाचे एक बोंड नाही, याविषयी अर्जदाराने मुकादमास गळ्याची शपथ घालायला लावली. समुद्र ओलांडला की जात जाते म्हणतात. ती अर्जदाराची पऱ्हाटीबरोबर जळालीच आहे. तेथे बोरखडीचे कोणी नाही, म्हणजे अर्जदार मेला आहे हे कोणाला ठाऊक नाही, आणि उरलेले दिवस काढायला याहून निवांत मुलूख त्यास सुचत नाही. ज्या साखरेने त्याची तेरवी गोड झाली ती कशी लागते हेही त्यास एकदा पाहायचे आहे. त्याच्यासाठी कोणी चिमूटभर काढून ठेवली नव्हती. मुकादमाने त्याचे वय छत्तीस लिहिले आहे. अर्जदाराची हरकत नाही. गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारात, असेही कलम आहे की पाच वर्षांनी परतीचे जहाज मिळेल. ते कलम खोडावे. परत येऊन काय होते ते अर्जदाराने पाहिले आहे.

९. अडचण एकच उरते. जाणाऱ्यास गावच्या माणसाने ओळखले पाहिजे, असे मुकादम म्हणतो. हे कळताच नत्थु येथे अकोल्यास लिंबाखाली आला. सरकार समुद्रापार नेत असेल तर एक दिवसापुरती बाप म्हणून ओळख देतो, पाटलांनाही आणतो, असे त्याने आपण होऊन सांगितले. नऊ महिन्यांत तो पहिल्यांदा बापाच्या पाया पडला. अर्जदाराने त्यास जेवून जा म्हटले आणि ओळख नको म्हणून सांगितले.

सबब अर्ज की, अर्जदाराची ओळख कोणाकडूनही न घेता त्यास जाऊ द्यावे, आणि जहाजाच्या यादीत त्याचे नाव पुंजाराम भिकाजी गावंडे हेच लिहावे. मेलेल्याचे नाव कशाला, दुसरे घे, असे अर्जनवीसाने त्यास दहादा समजावले. तो ऐकत नाही. म्हणतो, चावडीत बाकी सगळ्यांनी मी मेलो ते ऐकले. मी तिच्या तोंडून माझे नाव ऐकले. अर्जाशी याचा संबंध नाही हे मान्य, पण अर्जदार हटून बसल्याने लिहिले आहे.

मेल्यास कोणास कळवावे, असा गिरमिटात रकाना आहे. तो कोरा सोडावा. बोरखडीचे दुःख उरकून झाले आहे.

साहेबांचे लेकरांबाळांत कल्याण होवो, अशी मेल्यातला आणि जित्यातला मिळून एकाच माणसाची प्रार्थना आहे.

आपला ताबेदार,
पुंजाराम वल्द भिकाजी गावंडे
निशाणी नांगर
(शेत आता त्याचे नाही, तेव्हा नुसती फुली कर असे सांगितले होते. त्याने नांगरच काढला.)

हस्ताक्षर चिंतामण अर्जनवीस, अकोला.
मिती पौष वद्य पंचमी, शके १७८७.

सोबत जोडलेले कागद :
१. मागील अर्ज, शेऱ्यासह.
२. जमुना हिच्या जबाबाची नक्कल.
३. दहीभाताविषयी ती बोलली ते वाक्य, अर्जदाराने सांगितले तसे, वेगळ्या कागदावर. हा कागद दप्तरी ठेवू नये. पाहून परत द्यावा. अर्जदारास तो बरोबर न्यायचा आहे.