बाईसाहेबांचे खूर आणि तुझा टेम्पो

ती. अक्का,

ताठ मानेने नमस्कार. (वाकूनच करणार होतो, पण कंबर धरली आहे. का धरली, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? नव्या घरात पाणी सरळ नळाने येतं, की तिथेही शेजारणीशी भांडूनच मिळवावं लागतं? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, आणि ‘सगळे’ म्हणताना मी घोडीलाही धरलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझं पत्र पोचलं. वाचलं. मग तुझ्या भावजयीला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे राग दोघांत वाटला गेला. दाजींच्या वीटभट्टीवाल्या मित्राचा टेम्पो रविवारी येणार, बाईसाहेबांना त्यात मुकाट्याने चढव, त्यांचे खूर वाळून लाकूड झालेत, भेगा पडल्यात, लंगडणाऱ्या घोडीने लाँड्रीची गाडी किती दिवस ओढायची, भट्टीवर तिला हलकं काम देतील, असं तू लिहितेस. अक्का, वीट कधीपासून हलकी झाली? जिला धुतलेल्या चादरींची गाडी जड जाते असं तुझं म्हणणं, ती भाजलेल्या विटा काय हसतखेळत ओढणार आहे? टेम्पो पाठवू नकोस. पाठवलास तर मी फाटकात आडवा पडेन. (कंबरेमुळे आडवं पडणं सध्या मला उभं राहण्यापेक्षा सोपंच जातं.)

आणि भेगांचं म्हणशील, तर तू इथे धुण्याच्या दगडावर उभी राहायचीस तेव्हा तुझ्या टाचा कशा होत्या, आठवतं का? त्यांच्यात नाणं उभं राहिलं असतं. तेव्हा आम्ही वीटभट्टीवाल्याला निरोप धाडला नव्हता. तुला दगडावरून उठवून इस्त्रीच्या टेबलाशी उभं केलं, मलम आणून दिलं, आणि टाचा बऱ्या झाल्या. बाईसाहेबांचं दुखणं अगदी तेच आहे. वयाचं नाही, सोड्याचं आहे! मोरीतून वाहणारं सोड्याचं पाणी मागच्या आवारात जिथे साठतं, नेमकी तिथेच दुपारची सावली, आणि सावली म्हणून आपण तिला तिथेच बांधत आलो. खूर भिजायचे, वाळायचे, पुन्हा भिजायचे, पुन्हा वाळायचे. ओल टिकायची नाही आणि सोडा मात्र मुरायचा. आता मी तिला पलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ हलवलं आहे. तिथे सावली नाही, म्हणून लॉजची एक जुनी चादर वर ताणून बांधली आहे. (लॉजवाल्यांना सांगू नकोस. त्यांचं आमच्याकडे बरंच काही अडकलं आहे, तेही पुढे येईल.)

आता नालबंदाचं ऐक. हा गृहस्थ खुराला हात लावण्याआधी स्वतःचं कौतुक करून घेतो आणि मग पिशवी उघडतो. बाईसाहेबांच्या पुढच्या खुरात त्याचा खिळा वाकला. दुसरा वाकला. तेव्हा तो खिळे करणाऱ्याच्या सात पिढ्यांवर घसरला, आणि जाताना म्हणाला, तेल चोपडा, भरपूर चोपडा. मी चोपडलं. इतकं चोपडलं की खूर आरशासारखे चमकायला लागले आणि आतून होते तसेच कोरडे राहिले. कारण कोरड्या खुरावर तेल फासलं की बाहेरची ओलसुद्धा आत शिरत नाही, हे नालबंदाला ठाऊक नव्हतं आणि मला कंबर मोडून घेतल्यावर सुचलं. त्याचं असं झालं, की बाईसाहेब सवयीप्रमाणे इस्त्रीच्या खोलीत डोकवायला आल्या, फरशीवर तेलाचे चार गोल उमटवून गेल्या, आणि मागोमाग मी कडक इस्त्रीच्या शर्टांची टोपली घेऊन आत शिरलो. शर्ट वाचले. माझ्या अंगावर पडले होते ना! तुझ्या भावजयीने आधी शर्ट उचलले, झटकले, घड्या नीट केल्या, आणि मग मला विचारलं, लागलं का.

मग मी ठरवलं, आता नालबंद नको आणि कुणी नको. आधी पाणी, ते मुरलं की वरून तेलाचा पातळ हात, म्हणजे आत गेलेली ओल आतच राहील. लॉजचे जाडजूड टॉवेल धुऊन तयार होते. ते टबात बुडवले, बाईसाहेबांच्या खुरांना गुंडाळून सुतळीने बांधले, आणि मोठ्या समाधानाने चहाला बसलो. टब खळीचा होता. चादरींसाठी भावजयीने नुकतीच घट्ट खळ कालवून ठेवली होती, आणि एवढं आयुष्य लाँड्रीत घालवूनही मला खळ आणि पाणी ओळखता आलं नाही! (गढूळ पाणी वाटलं. आपल्याकडे स्वच्छ पाणी कधी असतं?) ऊन कडक. चहा संपेपर्यंत टॉवेलांचे पत्रे झाले होते. बाईसाहेब ते बूट घालून आवारभर खाडखाड फिरत होत्या, आणि त्याच वेळी लॉजचे मॅनेजर टॉवेल न्यायला आले. त्यांनी घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“हे आमचेच ना?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “खळ थोडी जास्त झालीय.”

पण अक्का, मी हरलो नाही. दुसऱ्या दिवसापासून टब चाटून बघतो, मगच टॉवेल बुडवतो. टाकी मुद्दाम थोडी वाहू देतो, म्हणजे तिच्या पायाखाली चिखल राहतो आणि सोड्याचा थेंबही नाही. पाणी मुरलं की पातळ तेल, तेही जिथे केस संपून खूर सुरू होतो त्या कडेला आणि खाली तळव्याला. नालबंदाला कानशीने खूर बाहेरून घासू दिला नाही. चमक येते म्हणतो, पण तीच तर वरची साल, ती गेली की पुन्हा कोरडेपणा. परवा त्याचा खिळा सरळ आत गेला, तेव्हा तो आपलंच कौतुक करत गेला. करू दे. पुढचे खूर हाताला आता जिवंत लागतात. भेगा वरून भरत येताहेत. मी तिला सोडणार नाही. तू मोठी आहेस, लाँड्री तुझ्या हाताखाली उभी राहिली, सगळं मान्य. पण या बाबतीत तुझं ऐकणार नाही, म्हणजे नाही.

दाजींना नमस्कार. त्यांच्या मित्राला नमस्कार सांगू नकोस.

तुझा (आणि या खेपेला स्वतःचाही)
धाकटा

ता. क. वर ‘पुढचे खूर’ लिहिलं आहे, ते तुझ्या नजरेतून सुटलं नसणारच. मागचा उजवाही चांगला आहे. डावा नाही. तो बाईसाहेब कुणाला धरूच देत नाहीत. खळीच्या दिवशी तो टॉवेलसुद्धा मी लांबून, काठीला गुंडाळून कसाबसा चढवला होता. भेग वर चढते आहे आणि लंगडणं त्याच पायाचं आहे. मला भीती वाटते.

ता. क. २. तू जाईपर्यंत तो पाय तुलाच मिळायचा, रोज सकाळी, “ए भवाने, पाय दे!” म्हणून ओरडलीस की. मी तुझ्यासारखं ओरडून पाहिलं. भावजय तुझं लुगडं नेसून ओरडली. बाईसाहेब फाटकाकडे बघत राहतात आणि पाय रोवून उभ्या असतात.

ता. क. ३. तेव्हा टेम्पो पाठव. रविवारपर्यंत थांबू नकोस, आणि पुढच्या सीटवर तू बस. टेम्पो रिकामाच परत जाईल, हे मात्र दाजींना आधी सांगून ठेव.