यंदाचं रिटर्न तू भरू नकोस

छावणी, औरंगाबाद
१४ जून १९९८

चि. बद्रीनाथास अक्काचे आशीर्वाद.

आशाबाईच्या गुडघ्याला उतार पडला का? इकडं शाळा उघडल्यात, त्यामुळं पाचही शिलाई मशिनी दिवसभर चालू आहेत. निळ्या पँटींनी घरात पाय ठेवायला जागा नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

यंदा माझं इन्कमटॅक्सचं रिटर्न तू भरायचं नाही. इथल्या शौकतभाईंना दिलं. कर सल्लागार आहेत, रीतसर फी घेतात. लगेच तोंड फुगवू नकोस, पुढं वाच.

एक मशीन होती तेव्हा तू भरत होतास, ते ठीक होतं. वैजापूरहून एसटीनं यायचास, पिठलं-भाकरी खायचास, आणि पेन्सिलीची फुली असेल तिथं मी सही करायची. तीन शाळांचे गणवेश आले तेव्हाच जाणता माणूस लावायला हवा होता. पण भाऊ तहसिलीत कारकून असताना परक्याला कागद दाखवणं मला जड गेलं.

मागच्या महिन्यात नोटीस आली. घाबरून शौकतभाईंकडं गेले. त्यांनी जुने फॉर्म वाचले आणि म्हणाले, "आपा, खेती का उत्पन्न दिखाए, तो जमीन किधर है? सातबारा लाओ." तेव्हा कळलं, शिलाईचं निम्मं उत्पन्न तू दादांच्या शेतातलं म्हणून लिहीत होतास. शेतीला कर नाही, अक्काचे चार पैसे वाचतील, एवढाच तुझा विचार. हेतू वाईट नव्हता, हे मी जाणते.

सातबारा काढायला मी वैजापूरला येऊन गेले. तुझ्याकडं फिरकले नाही. तलाठी कडूबा म्हणाला, "अक्का, तुमचं नाव तर कव्हाच कमी झालंय. वाटा सोडल्याच्या कागदावर सही हाय की तुमची."

मी म्हटलं, "व्हय, असंल."

दादांच्या वर्षश्राद्धाला, पंगत उठल्यावर, तू कागद पुढं केला होतास. वारसाचा आहे, म्हणालास. तिथंही फुली होती. खरं सांगते बद्री, शंका मला तेव्हाच आली होती. विचारलं तर माहेर तुटेल, म्हणून अकरा वर्षं गप्प बसले. पण शेतातून माझं नाव काढलंस, आणि दर साल टॅक्सच्या कागदावर मला त्याच शेताची मालकीण केलंस. लिहिताना एकदाही हात अडखळला नाही का रे? राग आला तो याचा. नोटिशीचं मला काही नाही.

आता काय ठरवलंय ते सांगते. खरं उत्पन्न दाखवून कर आणि दंड मी भरणार. फॉर्म कुणी भरले, असं शौकतभाईंनी विचारलं. सही माझी आहे, मीच भरले असं लिहा, मी म्हणाले. तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही.

माझ्या वाट्याचा कागद मात्र दिवाळीच्या आत करून दे. आपण होऊन दिलास तर भाऊबीजेला ओवाळीन. नाही दिलास तरी ओवाळीन, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात दावा लावीन. वकील बघून ठेवला आहे.

तुझी अक्का,
दादांचं थोरलं लेकरू,
द्वारका