अर्ध्या डागावर अंजिराचं पान

६ मे, बुधवार

परवा लिहिलं ते चूक आहे. मावशीचा हात इस्त्रीच्या वाफेने भाजलेला नाही. ती म्हणाली आणि मी तसंच उतरवून घेतलं — प्रयोगशाळेत असं केलं असतं तर मॅडमनी धारेवर धरलं असतं.

आज पट्टी बदलताना नीट पाहिलं. तिच्या मनगटावर जो कोडाचा जुना पांढरा डाग आहे, त्याच्या अर्ध्याच भागावर फोड आलेत. उरलेला अर्धा कोरा. मधली रेघ अगदी सरळ, मावशीने कापड बेतावं तशी. वाफ इतकी मोजूनमापून भाजत नाही.

"अंजिराचं पान चोळलंस?"

"तू नाही का त्या पानांतून औषध काढत?" शिलाई मशीनवरून मान वर न करता. "मग आम्ही नुसतं चोळलं तर काय बिघडलं?"

"आणि उन्हात बसलीस?"

"गच्चीवर. कपडे वाळत घातले, सोबत मीही वाळले."

हसू आलं.

७ मे

आमच्या घरात शाळा संपवलेली मी पहिलीच. त्यामुळे जेवताना सहज काही बोलले तरी छापलेलं असल्यासारखं धरतात. अंजिराच्या पानांत डागावर उपयोगी पडणारं द्रव्य असतं, हे मीच सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण अर्धंच सांगितलं!

उरलेलं आता नीट जुळवून ठेवते, म्हणजे बोलताना अडखळायला नको. पानांत आणि चिकात सोरालेन असतं. अंधारात ते गप्प बसतं. त्वचेवर असताना ऊन पडलं की पेशींना जाऊन चिकटतं आणि भाजतं — लगेच नाही, एखाद्या दिवसाने, म्हणून कोणाला पानाचा संशयही येत नाही. हेच द्रव्य डॉक्टर डागांवर वापरतात, पण मोजून, आणि प्रकाशही मोजून. माझं सगळं काम त्या मोजण्याचंच आहे. एकाच फांदीवरच्या दोन पानांतही ते सारखं निघत नाही.

हे मला पक्कं माहीत आहे. इतरत्र मी दहादा चाचपडते, इथे नाही.

८ मे

मॅडमना सांगितलं. रागावतील वाटलं होतं. म्हणाल्या, "पानावर मात्रा छापलेली नसते गं. मावशींना त्वचेच्या डॉक्टरांकडे ने, आणि फोड उन्हापासून झाकून ठेव."

१० मे, रविवार

सगळं सांगितलं. न अडखळता! मावशीने मशीन थांबवून ऐकलं, हे विशेष.

"म्हणजे औषध खरं, माझी रीत खोटी."

"हो. आता डॉक्टरांकडे चल."

"मी कशाला? या डागाला वीस वर्षं झाली. त्याचं माझं बरं चाललंय."

"मग चोळलंस कशाला?"

तिने सुई पुढे केली. "दोरा ओवून दे."

मी ओवला. "बरं, अर्ध्यालाच का लावलंस?"

"तूच म्हणालीस ना, प्रयोगात अर्ध्याला लावायचं, अर्धं तसंच ठेवायचं. नाहीतर फरक कळणार कसा?"

लाज वाटायला हवी होती. वाटला अभिमान. मावशी शाळेत एक दिवस गेलेली नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि या उकाड्यात तुझ्या पूर्ण बाह्या कशाला?"

"प्रयोगशाळेत तसा नियम आहे."

"घरातही?"

मी दोऱ्याचं रीळ आवरायला घेतलं.

११ मे

सकाळी डबा भरताना मावशी हळूच म्हणाली, "तुझ्या कोपराजवळचा पांढरा डाग मी कधीच पाहिलाय. तू प्रयोगशाळेच्या बाटलीतलं औषध स्वतःला लावून बसशील म्हणून घाबरले. म्हटलं, आधी माझ्यावर बघू."

मी कोणालाच दाखवला नव्हता. इथेही लिहिला नव्हता.

बाह्या दुमडल्या. तशीच कामाला गेले. दुपारी दवाखान्यात फोन करून नावं दिली — तिचं आणि माझं. गुरुवार, १४ मे, सकाळी दहा.