पुलाखाली, ड्युईच्या समोर

११ एप्रिल, गुरुवार

आज त्यानं मला पाहिलं. गळाला आमिषाची मासळी लावता लावता हात थांबला त्याचा.

रात्री साडेआठला पुलाखाली गेले, माझ्या लॅनीच्याच होडीतून. कडेची भेग मी हिवाळ्यात स्वतः बुजवली – त्याच्या बापानं, ऑरिननं, होडीला बोट लावलं नाही. ड्युई स्कॉगिन्स चौथ्या खांबाला बांधून बसला होता, दोन गिऱ्हाइकं घेऊन. मी पाचव्याला बांधली. मध्ये वीस हात पाणी. हिरवा दिवा पाण्यात सोडला आणि त्याच्याकडे तोंड करून बसले.

गिऱ्हाइकांपैकी एकानं विचारलं, "लागतंय का काही?"

"लागेल," म्हटलं.

१२ एप्रिल

ऑरिन म्हणतो, झालं गेलं, आता पुरे कर ऑपल. झालं गेलं! आपलाच मुलगा ना तो? आणि हा जूनपासून तळ्यावर फिरकला नाही. कामावरून आला की मागच्या शेडमध्ये जाऊन बसतो, जेवायला हाक मारावी लागते.

१५ एप्रिल

झोप नाही. लिहूनच टाकते एकदा.

गेल्या ८ जूनला लॅनी मासेमारीचे दिवे गुंडाळून घरी निघाला होता. सव्वीस वर्षांचा. ड्युईची होडी सुसाट आली आणि त्याच्या होडीत आडवी घुसली. ड्युई वाचला. त्यानं सांगितलं, पोराच्या होडीला दिवा नव्हता, मला काही दिसलंच नाही. अहवालात तेच आलं. मागच्या दांडीवरचा पांढरा दिवा होडीवर नव्हता, सबब चूक मयताची.

चूक मयताची! दांडी नुसती खोबणीत खोचलेली असते. धडकेनं उडून पाण्यात पडली असणार, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. पाणबुड्यानं दोन दिवस शोधली. तळाला कंबरभर गाळ, कुठून सापडणार? पण लोकांना कागद पुरतो. चर्चच्या पायरीवर बायका माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, बिचारा, दिवा तेवढा लावला असता तर.

दर रविवारी हे ऐकते मी. आणि ड्युई धक्क्यावरच्या आपल्या दुकानात बसून आमिषाची जिवंत मासळी विकतो, रात्री गिऱ्हाइकांना क्रॅपी मासे धरायला नेतो.

२२ एप्रिल

मी तेवीस धरले. ड्युईच्या होडीत तिघांत मिळून चार!

क्रॅपी काही उजेडासाठी येत नाही. उजेडाला चिलटं येतात, चिलटांसाठी बारकी मासळी, आणि मासळीच्या मागे क्रॅपी. लॅनीनंच शिकवलेलं. मी आता दोन दिवे सोडते, मोठ्या बॅटरीवर. त्याच्या उजेडातले मासे माझ्या उजेडात येतात. त्याची गिऱ्हाइकं माझ्या पेटीकडे बघत बसतात.

आमिषाची मासळी मी त्याच्याकडून घेत नाही. वीस मैल लांब जाऊन आणते.

३ मे

तो दुसऱ्या खांबाला गेला. मी तिसऱ्याला गेले.

मग तो पूल सोडून जुन्या रस्त्याच्या बुडालेल्या मोरीपाशी गेला. मीही गेले. तिथे त्यानं वर्षानुवर्षं देवदाराची झाडं बुडवून ठेवलीत, मासे तिथेच थांबून राहावेत म्हणून. कुणाला जागा सांगत नाही. आता मला माहीत झाली. उद्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या चौघांना सांगेन.

४ मे

सांगितलं. रात्री मोरीपाशी सहा होड्या होत्या.

११ मे, शनिवार

मेम्फिसहून तिघे आले होते. भले दिसले. धक्क्यावर होडी उतरवायच्या आधी मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "या माणसाबरोबर रात्रीचं पाण्यावर जाताय. गेल्या जूनमध्ये काय केलं त्यानं, ते विचारून घ्या. तो माझा मुलगा होता."

त्यातला म्हातारा ड्युईकडे वळला. ड्युईनं मान खाली घातली. एवढंच. तिघे गाडीत बसून निघून गेले.

इतकं गोड बऱ्याच दिवसांत काही लागलं नव्हतं.

१९ मे

नेडीन, त्याची बायको, बहिणीकडे राहायला गेली असं कळलं. बॅगा भरून. चर्चमध्ये बायका हळहळल्या. मला आनंद झाला. इथे खोटं कशाला लिहू.

ऑरिनला सांगितलं तर हातातला पाव खाली ठेवून उठून गेला.

२४ मे

आज ड्युई एकटाच होता. गिऱ्हाईक नाही. गळही टाकला नाही त्यानं. दाढी वाढली आहे. नुसता माझ्या दिव्याकडे बघत होता.

मी मासे धरत राहिले. क्रॅपीचं तोंड कागदासारखं, हिसका दिला की फाटतं आणि मासा जातो. सावकाश वर घ्यावा लागतो. मला घाई नाही.

२८ मे

तसाच. एकटाच. पाचवी रात्र.

३० मे, गुरुवार

आज बोलला.

दहा वाजले असतील. त्यानं आपली होडी वल्हवत आणून माझ्या होडीला दोरानं बांधली. मी हातात वल्हं घेतलं. जवळून बघितलं तर डोळे खोल गेले होते, महिन्याचा आजारी असावा तसे.

"मिस ऑपलाइन," म्हणाला, "काय केलं म्हणजे तुम्ही थांबाल?"

या प्रश्नासाठी पन्नास रात्री बसले होते. म्हटलं, "दिवा होता असं सांग."

वरून एक ट्रक गेला, पूल हादरला.

"होता का नाही, मला आता आठवत नाही," तो म्हणाला. "आधी खात्री होती. पण रोज तुमचा दिवा बघतो. डोळे मिटले तरी दिसतो. आता त्या रात्रीची आठवण काढली की तिथेही एक दिवा दिसतो."

"मग होता."

"तुम्ही म्हणता तर असेल." मग खाली बघून म्हणाला, "दोन बिअर पोटात होत्या माझ्या. तेही कुणाला सांगितलं नव्हतं. वेगात होतो. दिवा असता तरी दिसला असता का, देव जाणे."

मी म्हटलं, मला नको सांगूस, शेरीफला सांग. दिवा होता असं लिहून दे. माझ्या मुलाच्या नावावरची चूक काढ.

मान डोलावली त्यानं. स्वतःच दोर सोडला.

त्याला काही आठवलं नव्हतं. दमला होता तो. मला ते तिथल्या तिथे कळलं. चालेल.

३ जून, सोमवार

ड्युईनं सही केली! सकाळी आठला स्वतःच्या पायानं गेला. दिवा लागलेला होता, मला दिसला होता, मी प्यायलो होतो, जबानी खोटी दिली – सगळं. दुपारी त्याला आत टाकलं.

संध्याकाळी शेरीफ घरी आले, टोपी हातात धरून. म्हणाले, अहवाल बदलेल, लॅनीची काहीच चूक नव्हती असं लिहून येईल. ड्युईला वकील नको आहे म्हणे. दहा वर्षं तरी जाईल.

मी त्यांना कॉफी दिली. ऑरिन मागच्या पायरीवर बसला तो उठेचना.

५ जून

लॅनीच्या कबरीपाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. तिथे कुणी नव्हतं. मग गाडीत बसून हसले. स्वतःचं हसू ओळखू येईना.

७ जून, शुक्रवार

मासे तळले. फ्रीझरमध्ये होते नव्हते ते सगळे, सत्तर-ऐंशी असतील. मक्याच्या पिठात घोळवून, अंगणातल्या मोठ्या कढईत. सोबत पिठाचे गोळे आणि कोबीची कोशिंबीर. चर्चमधल्या सगळ्यांना बोलावलं. पायरीवर माझा हात धरणाऱ्या त्या सगळ्या आल्या. एकीनेही दिव्याचं नाव काढलं नाही. एक म्हणाली, आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, लॅनी किती सांभाळून वागायचा. मी तिच्या ताटात आणखी दोन तुकडे वाढले.

ऑरिन आला नाही. शेडचं दार आतून लावून बसला. ताट नेलं तर म्हणाला, "ड्युईनं खरंच लिहून दिलं? दिवा होता म्हणून?"

म्हटलं, "सहीनिशी."

"तू होता म्हणालीस म्हणून?"

असलं विचारणं आजच्या दिवशी! ताट दाराशी ठेवून परत आले.

८ जून

वर्ष झालं. ऑरिननं पहाटे शेडमधून लॅनीच्या होडीची दिव्याची दांडी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. दिव्याची काच धड आहे, ओरखडासुद्धा नाही. बुडातली तार तुटली होती म्हणाला, अपघाताच्या आदल्या दिवशी नीट करायला काढली, लॅनीला सांगायचं राहून गेलं.

शेरीफचं ऑफिस चोवीस तास उघडं असतं. ऑरिननं गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली आहे. तीन तास झाले, आम्ही दोघं तिच्याकडे बघतोय.