दुसऱ्या मोजणीआधीचं आमंत्रण

सोमवार, ४ मार्च

झालं ते असं —
१. शनिवारी आईने माझ्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. "येता शनिवार-रविवार आमच्याकडे राहायलाच या. मुलीचा फार आग्रह आहे."
२. आग्रह मी केलेला नाही.
३. दादाने ते पत्र त्यांच्या घरी नेऊन दिलं.
४. हे मला आज साहेबांकडून कळलं. बाईंनीच त्यांना सांगितलं — "नोंद असावी म्हणून. मोजणी होईपर्यंत मी उत्तर देणार नाही." सगळे ऐकत होते.

आमचं काम लिफ्ट तपासायचं. एक लिफ्ट दोघांनी वेगवेगळी मोजायची. दोन्ही कागद जमा होईपर्यंत त्या दोघांनी एका टेबलावर चहासुद्धा घ्यायचा नाही. दवाखान्याच्या लिफ्टची पहिली मोजणी माझी. ब्रेक लागल्यावर ५१ मिलिमीटर घसरते. ४० चालतात. मी बंद करून आले. दुसरी मोजणी बाईंची, येत्या शुक्रवारी. आणि आई त्यांना राहायला बोलावते!

"अगं, महिनाअखेरीस तुझी नोकरी पक्की व्हायची. सगळं त्यांच्या शेऱ्यावर. दोन दिवस राहिल्या, चार घास जेवल्या, तर काय बिघडलं?"
"माझं बिघडलं."
"माणसं जोडावी लागतात गं. तुला नुसते स्क्रू जोडता येतात!"

मंगळवार, ५ मार्च

साहेबांना लेखी दिलं — आमंत्रण माझं नाही. ते म्हणाले, "एवढं काय मनावर घेतेस? बाईंचा आकडा वेगळा आला तर तुझंच हसं होईल, ते बघ."
बघितलं. कागद मागे घेतला नाही.

आईशी अबोला.

बुधवार, ६ मार्च

दवाखान्याच्या व्यवस्थापकाचा फोन. "ताई, पेशंटला खुर्चीत बसवून जिन्याने नेतोय आम्ही! अकरा मिलिमीटरसाठी?"
"अकरा मिलिमीटरसाठीच."
फोन ठेवल्यावर वहीतले माझे आकडे पुन्हा पडताळून पाहिले. कुणाला दिसलं नाही. इथे लिहिते तेवढंच.

शुक्रवार, ८ मार्च

बाईंची खुर्ची रिकामी. मोजणीला गेल्या असणार.

शनिवार, ९ मार्च

बाई काही आल्या नाहीत. आईने तरी पाहुण्यांच्या चादरी काढल्या होत्या. दादा त्यांवर आडवा पडून म्हणतो, "आई, पाहुणा आलाय. पाणी आण."
हसू आलं. दाबलं. अबोला अजून सुटलेला नाही.

सोमवार, ११ मार्च

बाईंचा कागद आला. ३८. लिफ्ट दुपारीच सुरू झाली.

"पट्टी उलटी धरली होतीस का गं?" साहेब म्हणाले. खोलीभर हशा. मी तीनदा मोजलं होतं. ५१, ५२, ५१. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "होतं असं सुरुवातीला."

आवाज न वाढवता तिसरी मोजणी मागितली. हशा थांबला.
"पक्की व्हायचंय ना तुला?"
"ब्रेकला ते माहीत नाही, साहेब."

नाही म्हणाले. उद्या परत मागणार. परवाही. कंटाळा त्यांना येईल, मला नाही.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी आईच्या नावाने बाईंचं उत्तर आलं. आईने उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं —

"आपलं अगत्य मनाला भिडलं. इतक्या आपुलकीने हल्ली कोण बोलावतं? यायचं फार मनात होतं. पण धाकट्या बहिणीचं शुक्रवारी सकाळी ऑपरेशन झालं. गुरुवारच्या संध्याकाळच्या गाडीने गेले, काल पहाटे परतले. तिला माझ्याशिवाय कुणी नाही. उत्तराला उशीर झाला, राग मानू नये. मुलगी तुमची सरळ आहे. तिला तशीच राहू द्या."

आई विरघळली. "बघ! नाही म्हणावं तर असं. शिक जरा."

मी पत्र घेतलं. गाडीची ओळ पुन्हा वाचली. पुन्हा.

बाईंच्या कागदावर वेळ आहे — शुक्रवार, सकाळी दहा चाळीस. खाली सही.

"काय गं? पांढरी का पडलीस?"
आठ दिवसांनी आईशी बोलले. "तू बोलावलंस ते बरं झालं." तिला काही कळलं नाही. खुशीत आली.

आधी ऑफिसला गेलेच नाही. थेट दवाखाना. लिफ्टची पेटी रिकामी करून घेतली, मुख्य स्विच पाडला, कुलूप लावलं. व्यवस्थापक ओरडला, "कुणाच्या हुकमाने?" म्हटलं, माझ्या. असा हुकूम मला देता येतो का, ठाऊक नाही. किल्ली माझ्या खिशात आहे.

बाई वाईट नाहीत. तेच तर अवघड आहे. बहिणीच्या उशाशी बसून त्यांनी ३८ लिहिलं असेल का, की गाडीत?

मंगळवार, दुपार

बाईंच्या टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठीची नक्कल —

"बाई, तुमच्या बहिणीला लवकर बरं वाटो. शुक्रवारी तुम्ही लिफ्टपाशी नव्हतात. तुमचा कागद तुम्हीच मागे घ्या. मी साहेबांना सांगण्याआधी तुम्ही सांगा. माझ्या शेऱ्यात काय लिहायचं ते खुशाल लिहा. लिफ्ट बंद आहे, बंदच राहील. उद्या, बुधवारी, दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर द्यावं."