साडेचारची घंटा

ता. ९ ऑगस्ट

चि. सौ. बाळीस,
अ. उ. आ.

तुझी लेक माझ्याच घरात राहून माझ्याच डोळ्यांत धूळ फेकते आहे. दहावीचं वर्ष, आणि ठमीला गणितात शेहेचाळीस! गेल्या वर्षी एक्याऐंशी होते. तिसऱ्या तासाला ती पेंगते, अशी वर्गशिक्षिकेची चिठ्ठीही आली आहे.

शाळेने यंदा नवं खूळ काढलंय. झोप, न्याहारी, खेळ, मोबाइल यांचा रोजचा तक्ता मुलांनी भरायचा आणि बाईंनी तो गुणांशी ताडून पाहायचा. ठमीचा तक्ता मी दप्तरातून काढून वाचला. हो, काढला. आजी आहे मी. रोज रात्री नऊला झोप म्हणे! नऊला मी आडवी होते तेव्हा केराची टोपली रिकामी असते आणि सकाळी पेन्सिलीच्या सालपटांनी भरलेली. मोबाइल माझ्या कपाटात कुलपात आहे. मग ही लिहिते काय, आणि कोणाला? तीस वर्षं टेलिफोन केंद्रात काढली मी. चोरटा आवाज मला तारेवरूनही कळायचा. ‘हो आजी’ म्हणताना ती हल्ली तसाच आवाज लावते.

जावईबापूंना इतक्यात सांगू नकोस. राग निवळला की लोभ करीनच.

तुझी,
आई

ता. १५ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नेमकं ह्यांच्याच हातात पडलं. शाळेतून आणखी एक चिठ्ठी आली तर पोरीला सरळ वसतिगृहात टाकू, म्हणाले. जूनमध्येही हेच म्हणाले होते आणि तेव्हा ठमी दाराशी उभी होती. तुझ्याकडेच राहीन म्हणून ती किती रडली, ते तुला कळवलं नव्हतं.

माझ्याही मनात आता पाल चुकचुकते आहे. शिकवणीतला कोणी मुलगा तर नाही? तू बाईंना भेटच. आणि आई, रागावू नकोस, पण पहाटेची ती घंटा अजून वाजवतेस का? मी तिच्यापायी दहावीत गणिताच्या तासाला झोपा काढल्या आहेत. तुला सांगायची छाती झाली नाही.

अजूनही तुझ्या धाकातली,
बाळी

ता. २१ ऑगस्ट

चि. सौ. बाळीस,
अ. उ. आ.

तुझ्या झोपांचं नंतर बघते. बाईंना भेटले. इतक्या लहान, की गणवेश घातला तर वर्गात खपून जातील. ठमी कधी उठते, असं त्यांनी विचारलं. मी ताठ मानेने साडेचार सांगितलं. माझ्या शाळेच्या दिवसांत कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर वाजवत तशीच घंटा मी वाजवते, हेही सांगितलं. बाईंनी तक्ता पुढे सरकवला. उठण्याची वेळ साडेसहा. रोज! रात्रीची थाप एक वेळ समजते, सकाळची कशाला?

घरी येऊन ठमीला पुढ्यात बसवलं. मुलगाबिलगा कोणी नाही. सालपटं भूमितीची. शिकवणी आठला सुटते, मग जेवण, मग शाळेचा आणि शिकवणीचा असा दुहेरी गृहपाठ साडेअकरापर्यंत. माझ्या धाकाने खोटं लिहिलंस का, असं विचारलं. मान खाली घालून म्हणाली, “खरं लिहिलं तर बाई तुला बोलावतील. मग बाबा मला इथून नेतील.”

पाच तास झोपते गं पोर! आणि मी दप्तरात प्रेमपत्रं शोधत होते. आमच्या सिस्टर साडेआठला दिवे मालवत. मी घंटा तेवढी उचलली, दिवे विसरले.

तक्त्यातल्या वेळा मी शाईने दुरुस्त केल्या आणि पुढे ‘दोष आजीचा’ लिहून सही ठोकली. शिकवणी बंद केली आहे. आता चिठ्ठी आली तर ती माझ्या नावाची असेल. जावईबापूंना म्हणावं, कोणाला वसतिगृहात टाकायचंच असेल तर मला टाका, मला सवय आहे.

घंटा जावईबापूंसाठी पार्सलने पाठवते आहे. सुटीच्या दिवशी ते किती वाजता उठतात, ते मला ठाऊक आहे.

आता पुरे करते. दिवा मालवायची वेळ झाली आणि पोरगी एका प्रमेयापुरती सवलत मागते आहे. मिळणार नाही.

लोभ आहेच, पण झोपा विसरलेले नाही.

तुझी,
आई