गौरीच्या अंगावरचे लाल ठिपके

प्रिय आक्का,

आत्ताच कुरुंदवाडच्या दवाखान्यातून आले. घरात कुणापुढं रडता येईना, म्हणून तुलाच लिहितेय. तुझ्या गौरीचं आहे. घाबरू नकोस, आधी सगळं वाच!

मागच्या आठवड्यात तिला जुलाब झाले. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकनं थांबले. पण परवा अंघोळीला पाणी घातलं तर पोर किंचाळली. बघते तर डायपरखालचं सगळं लालभडक, तुकतुकीत, हाताला गरम. आज सकाळी जांघेतल्या वळ्यांतही लाली, आणि तिच्या कडेनं बारीक बारीक ठिपके.

ठिपके, आक्का! डेंग्यूच्या तापात तुझ्या दंडावर उठले होते तसेच. ते दिसले आणि आठवड्याच्या आत तू गेलीस. पोरीला उचलून तशीच सासूबाईंकडं धावले गं.

सासूबाई म्हणाल्या, "उष्णता हाय ती. पावडर लाव की चांगली." भावजींनी, तुझ्या नवऱ्यानं, एकच विचारलं, "ताप हाय का?"

नव्हता. तरी त्यांनी गाडी काढली. दवाखान्याच्या दारात मात्र आत येईनात. "तूच जा," म्हणाले आणि पायरीवर बसले.

डॉक्टरीणबाईंनी डायपर काढला, तर कमरेवर वळ. "घट्ट होतोय हा. किती वेळानं बदलता?"

"भरल्यावर," मी म्हटलं.

"भरायची वाट नाही बघायची. ओलाव्यात कातडी मऊ पडते, घासली की सोलवटते. त्यात जुलाब. आणि अँटिबायोटिकनंतर कधी कधी बुरशी धरते. कडेचे ठिपके त्या बुरशीचेच आहेत."

"डेंग्यूचे न्हाईत ना?" मी विचारलं.

"नाही हो. ताप नाही, दूध पितेय, आणि ठिपके तेवढ्याच जागी आहेत."

मलम लिहून दिलं. साध्या पाण्यानं धुवायचं, न घासता टिपायचं, थोडा वेळ मोकळं ठेवायचं. पावडर नको, वासाचे ओले टिश्यू नकोत. फोड, पू किंवा ताप दिसला तर लगेच यायचं.

मी बाहेर धावले. "भावजी, बुरशी हाय! वरच्या कातडीचं हाय, तसलं काय न्हाय!"

त्यांनी गौरीला घेतलं, तिच्या टोपड्यात तोंड खुपसलं आणि भर रस्त्यात हुंदके देऊ लागले. तू गेलीस तेव्हाही ते रडले नव्हते.

मला भाकरी थापायला शिकवलंस, म्हशीची धार काढायला शिकवलंस. लेकरू वाढवायचं तेवढं न शिकवताच का गेलीस? आत्ता ती मोकळीच झोपलीय आणि मी सारखी उठून तिचं कपाळ बघतेय. गरम लागलं तर? डॉक्टरीणबाईंचं चुकलं असलं तर?

शब्द देते, आक्का. तिच्या अंगावर काही उठलं तर घरच्या अंदाजावर बसणार नाही, तिला उचलून निघेन. मी भित्री आहे, तुला ठाऊकच आहे. भीत भीतच वाढवीन तिला, पण कडेवरून खाली ठेवणार नाही.

तुझी धाकटी जाऊ,
सुनंदा